सरकार हवं, वेगळा देश नको : क्वेबेकची विधानसभा, १९७६ ते १९८१

१९७८ साली क्वेबेक शहरातल्या विधानभवनात रंगारी आले. मुख्य सभागृहाच्या भिंती तोवर हिरव्या होत्या, लंडनच्या कॉमन्सच्या चालीवर, आणि लोक त्याला 'हिरवं दालन' म्हणत. आता कामकाज टीव्हीवर दाखवायचं ठरलं होतं आणि कॅमेऱ्याला तो हिरवा मानवत नव्हता. म्हणून भिंती निळ्या झाल्या. ३ ऑक्टोबर १९७८ पासून आपला आमदार काय बोलतो, कोण डुलक्या काढतो, कोण तावातावाने उठतो, हे क्वेबेकची माणसं घरबसल्या पाहू लागली. दालनाचं नाव 'निळं दालन' पडलं, ते आजही तेच आहे. अध्यक्षांच्या खुर्चीवरचा १९३६ साली लावलेला क्रूस तेवढा तेव्हा जागेवर राहिला.

या रंगकामाचं मोल दीड वर्षाने कळलं. त्याच दालनात, त्याच कॅमेऱ्यांसमोर, आपण कॅनडातून वेगळं व्हायच्या वाटाघाटी करायच्या की नाही यावर ३५ तास चर्चा झाली. आपल्या देशातून बाहेर पडण्याचा प्रश्न एखाद्या प्रांताने बंदुकीविना, नियमांच्या चौकटीत, टीव्हीवर सगळ्यांदेखत मांडावा आणि हरल्यावर तो निकाल मान्यही करावा, हे जगात फार कमी ठिकाणी घडलं आहे. म्हणून ही विधानसभा नीट पाहण्यासारखी आहे.

तिचं अधिकृत नाव नॅशनल असेंब्ली, म्हणजे आपल्या भाषेत प्रांताची विधानसभा. १९७६ ते १९८१ ही तिची एकतिसावी कारकीर्द. माझं म्हणणं असं, की या विधानसभेने प्रांताच्या हातातले अधिकार इतक्या जोमाने वापरले की वेगळ्या राष्ट्राची निकड तिच्याच कामामुळे कमी झाली. वेगळं होण्यावरचं १९८० चं सार्वमत हरण्याची कारणं लोक भाषणांत आणि चुकांत शोधतात. मला ती कायद्यांच्या पुस्तकात जास्त सापडतात.

निवडणूक

कॅनडाच्या दहा प्रांतांत फ्रेंच बोलणारे बहुसंख्य असलेला प्रांत एकच, क्वेबेक. तिथे दहातली आठ माणसं फ्रेंच घरातली. तरी १९६० च्या दशकापर्यंत मॉन्ट्रियलमधल्या मोठ्या कंपन्यांत साहेबाची भाषा इंग्रजी आणि कामगाराची फ्रेंच, असा सरळ मामला होता. केंद्राने नेमलेल्या द्विभाषिकता आयोगाने आकडे मांडले तेव्हा दिसलं, की खुद्द क्वेबेकमध्ये फ्रेंच वंशाचे पुरुष कमाईत जवळजवळ तळाला आहेत. आपल्याच गावात आपली भाषा बोलून वर चढता येत नाही, ही ती सल.

रने लेव्हेक हा माणूस त्या सलीला आवाज देणारा. दुसऱ्या महायुद्धात वार्ताहर, मग टीव्हीवर खडू-फळा आणि नकाशा घेऊन जगाचं राजकारण समजावणारा पत्रकार, मग लिबरल सरकारात मंत्री. खासगी वीज कंपन्या सरकारच्या ताब्यात घेण्याचं १९६२-६३ चं मोठं काम त्यांच्या नावावर आहे. पुढे लिबरल पक्ष सोडून त्यांनी १९६८ मध्ये पार्ती केबेक्वा हा पक्ष उभा केला. मागणी अशी : क्वेबेक सार्वभौम व्हावा, पण कॅनडाशी आर्थिक भागीदारी ठेवावी. १९७० मध्ये पक्षाला ७ जागा मिळाल्या, १९७३ मध्ये ६. मतं मात्र २३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली. दोन्ही वेळा लेव्हेक स्वतः पडले.

१९७४ च्या अधिवेशनात पक्षाने एक वळण घेतलं आणि पुढचं सगळं त्यावरच फिरलं. आपण निवडून आलो म्हणजे वेगळं होण्याची परवानगी मिळाली असं धरायचं नाही. आधी नीट राज्य करायचं आणि मग त्या एका प्रश्नावर वेगळं सार्वमत घ्यायचं. पायरी पायरीने जाण्याच्या या मार्गामागचं डोकं क्लोद मोराँ यांचं. जुने सनदी अधिकारी, म्हणजे कागद कसा हलतो हे जाणणारा माणूस. पक्षातल्या जहालांना हा मार्ग पटला नाही. मतदाराला मात्र पटला, कारण आता सरकार बदलताना देश मोडण्याची भीती उरली नव्हती.

तिकडे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांच्या लिबरल पक्षाकडे ११० पैकी १०२ जागा होत्या. तरी सरकार दमलं होतं. ऑलिम्पिकचा खर्च हाताबाहेर गेलेला, सरकारी कर्मचाऱ्यांचे संप, भ्रष्टाचाराचे आरोप. १९७४ च्या त्यांच्या भाषा कायद्याने फ्रेंच भाषकांना पुरेसं दिलं नाही आणि इंग्रजी भाषकांना चिडवलं. दोन्ही बाजूंनी मार. मुदत संपायला दोन वर्षं असताना त्यांनी निवडणूक लावली आणि १५ नोव्हेंबर १९७६ ला निकाल आला : पार्ती केबेक्वा ७१, लिबरल २६, युनियन नॅशनल ११, दोन लहान पक्षांना एकेक. बुरासा स्वतःच्या मेर्सिये मतदारसंघात पडले. हरवणारा होता जेराल्ड गोदाँ नावाचा कवी. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये, बुरासा यांच्या विनंतीवरून केंद्राने आणीबाणीचा कायदा लावला तेव्हा ज्यांना आरोपाविना कोठडीत डांबलं, त्यांतला हा एक.

त्या रात्री मॉन्ट्रियलच्या पॉल सोव्हे क्रीडागृहात लेव्हेक बोलले, ते वाक्य क्वेबेकमध्ये अजून सांगतात : आपण काही लहानसे लोक नाही, आपण कदाचित एखाद्या थोर लोकसमूहासारखे आहोत. 'कदाचित' आणि 'सारखे' हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. विजयाच्या रात्री, घोषणांच्या गदारोळात, हा माणूस आपल्या लोकांना मोजूनमापून मोठं म्हणत होता. त्यांचं सगळं राजकारण त्या दोन शब्दांत आहे.

आता एक आकडा लक्षात ठेवा. पार्ती केबेक्वाची मतं ४१.४ टक्के. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, या आपल्यासारख्याच पद्धतीमुळे आणि विरोधी मतं फुटल्यामुळे ७१ जागा आल्या. नव्या आमदारांनी शपथ घेतली ती राणी एलिझाबेथच्या निष्ठेची. १८६७ च्या संविधानाप्रमाणे २०२२ पर्यंत राजनिष्ठेची शपथ घ्यावीच लागे.

कायदा १०१

पहिलं मोठं काम भाषेचं. ते कामी लोराँ यांच्याकडे आलं. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, हळू आवाजात, धीराने बोलणारे; इंग्रजी वर्तमानपत्रांना त्या शांतपणाचाच राग यायचा. लोराँ यांचं निदान असं, की आपली भाषा दुय्यम आहे हे माणसाच्या मनात मुरतं आणि ते नुसत्या सवलतींनी निघत नाही. एप्रिल १९७७ मध्ये श्वेतपत्रिका आली, मग विधेयक क्रमांक १. विरोधकांनी समितीत त्याची वाट अडवून धरली, तेव्हा सरकारने ते मागे घेऊन नव्या क्रमांकाने आणलं. २६ ऑगस्ट १९७७ ला ते ५४ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. फ्रेंच भाषेची सनद, पण क्वेबेकमध्ये कोणी ते नाव घेत नाही. 'कायदा १०१' म्हटलं की पुरे.

त्यातल्या तरतुदी अशा. सरकारची, न्यायालयांची आणि कायद्यांची भाषा फ्रेंच. दुकानावरची पाटी फक्त फ्रेंच. मोठ्या कंपन्यांनी आतला कारभार फ्रेंचमध्ये आणायचा, त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र. आणि सर्वांत खोल जाणारी तरतूद शाळेची : ज्या मुलाच्या आईचं किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्ये इंग्रजीतून झालं, त्यालाच सरकारी पैशावरच्या इंग्रजी शाळेत प्रवेश. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्याची मुलं फ्रेंच शाळेत. याआधी इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज, जो कोणी मॉन्ट्रियलला उतरे तो बहुधा मुलांना इंग्रजी शाळेत घाले. पोटाचा विचार करता त्याचं चुकत नव्हतं. फ्रेंच घरांतला जन्मदर मात्र झपाट्याने उतरला होता. दोन पिढ्यांनी मॉन्ट्रियल कुणाचं असेल, हा हिशेब प्रत्येक जण मनात करत होता.

मॉन्ट्रियलला स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबाला हा कायदा पुस्तकातून शिकावा लागत नाही. घरात मराठी, वडिलांच्या ऑफिसात इंग्रजी, आणि सहा वर्षांची मुलगी शाळेतून येऊन खिडकीतला बर्फ दाखवत फ्रेंचमध्ये बडबडते. १९७७ च्या ऑगस्टमधला तो मतदानाचा दिवस तिच्या दप्तरात आहे.

लेव्हेक या कायद्यावर मनापासून खूश नव्हते. आपली भाषा टिकवायला कायद्याच्या कुबड्या लागाव्यात, यात त्यांना कमीपणा वाटे. पाट्यांबाबत ते लोराँ यांच्याइतके कडक नव्हते. तरी त्यांनी आपल्या मंत्र्याला अडवलं नाही. या बाबतीत मी लोराँ यांच्या बाजूचा आहे, शाळेच्या तरतुदीपुरता तरी. शाळेची सक्ती नसती तर मॉन्ट्रियलची फ्रेंच आज स्वयंपाकघरात उरली असती. पाटीवरून इंग्रजी पूर्ण पुसण्याचं समर्थन मला करता येत नाही. आपली भाषा मोठ्या अक्षरात हवी हा आग्रह रास्त. शेजाऱ्याची भाषा दिसूच नये हा हट्ट.

किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९७८ मध्ये सन लाईफ या विमा कंपनीने मुख्यालय मॉन्ट्रियलहून टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं आणि कारण म्हणून भाषा कायद्याकडे बोट दाखवलं. (आपल्याकडे बिर्लांच्या जोडीने जिचं नाव पाटीवर दिसतं, तीच ही सन लाईफ.) हजारो इंग्रजी भाषक कुटुंबं प्रांत सोडून गेली. पैसा आणि मुख्यालयं टोरांटोकडे सरकणं आधीच सुरू झालं होतं, पण आता त्याला वेग आला.

कोर्टातही धक्का बसला. १३ डिसेंबर १९७९ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लेकी खटल्यात निकाल दिला : १८६७ च्या संविधानाच्या कलम १३३ प्रमाणे क्वेबेकचे कायदे आणि न्यायालयं यांत इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषांना जागा आहे, ती प्रांताला एकतर्फी काढता येणार नाही. विधानसभेने लागलीच कायदा करून तोवरचे फक्त फ्रेंचमध्ये मंजूर झालेले कायदे इंग्रजीतही वैध करून घेतले. सरकारने आदळआपट केली, पण निकाल पाळला. पुढे शाळेची अट १९८४ मध्ये सैल झाली आणि फक्त-फ्रेंच पाटीची तरतूद १९८८ मध्ये पडली. मधला गाभा मात्र उभा आहे.

बाकीचं काम

बाहेरच्या जगाला कायदा १०१ तेवढा माहीत. पण त्याच दिवशी, २६ ऑगस्ट १९७७ ला, आणखी एक कायदा मंजूर झाला आणि लेव्हेक यांना सर्वांत अभिमान त्याचा होता. राजकीय पक्षांना देणगी फक्त मतदाराने द्यायची, स्वतःच्या खिशातून, वर्षाला जास्तीत जास्त ३००० डॉलर. कंपनी नाही, कामगार संघटनाही नाही. शंभर डॉलरच्या वर दिलं तर नाव जाहीर. रोबेर बर्न्स हे वकील-मंत्री त्यामागे होते. निवडणूक रोख्यांचा आपल्या सर्वोच्च न्यायालयातला २०२४ चा निकाल ज्यांनी वाचला, त्यांना हा पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा वाचताना हेवा वाटेल. पळवाटा पुढे निघाल्या, निघायच्याच. पण कामगार संघटनांच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या सरकारने त्या संघटनांचाही हात तिजोरीतून बाहेर काढला, ही साधी गोष्ट नव्हे.

मग लीझ पायेत. टीव्हीवरची लाडकी सूत्रसंचालक, आता मंत्री. वाहन अपघातात जखमी झालेल्याला तोवर कोर्टात जाऊन समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे; ती झाली नाही तर हातात काही नाही. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी तारखांमागे तारखा घालवणारं एखादं घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं, तसंच ते. पायेत यांनी चुकीचा प्रश्नच बाजूला काढला. शरीराला इजा झाली तर सरकारी मंडळ भरपाई देणार, चूक कुणाचीही असो; गाडीच्या पत्र्याचा विमा खासगी कंपन्यांकडे. वकील आणि विमा कंपन्या दोघेही तुटून पडले. १ मार्च १९७८ ला योजना लागू झाली. त्याच वर्षी गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'सुंदर प्रांत' या पर्यटन खात्याच्या घोषवाक्याऐवजी क्वेबेकचं ब्रीद आलं : 'मला आठवतं'. काय आठवतं, यावर तिथे अजून वाद घालतात.

डिसेंबर १९७७ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती झाली : संप चालू असताना मालकाने बदली कामगार आणायचे नाहीत. उत्तर अमेरिकेत असा कायदा पहिलाच. याच महिन्यात मानवी हक्कांच्या सनदेत लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आली, तीही कॅनडात सर्वांआधी. १९७८ मध्ये शेतजमीन वाचवण्याचा कायदा आला. क्वेबेक आकाराने अवाढव्य, पण पिकाऊ जमीन दोनेक टक्के, तीही सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने, म्हणजे नेमकी शहरं फुगतात तिथे. शेतीमंत्री ज्याँ गारों यांनी ती आयोगाच्या परवानगीशिवाय बिगरशेती करायला बंदी घातली. जमीन एन.ए. करून घेण्याची धावपळ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना कळेल की यावर किती लोक चिडले असतील. लहान मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी, कामाच्या जागी सुरक्षिततेचा कायदा, आणि १९८० च्या अखेरीस कुटुंब कायद्यात नवरा-बायकोला समान हक्क. लग्नानंतर बाईचं जन्मनाव तेच राहील, हे त्यातूनच आलं.

केंद्राशी भांडणंही प्रांताच्या चौकटीतच चालली होती. १९७८ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री ज्याँ क्रेतिएँ यांनी प्रांतांना विक्रीकर सरसकट तात्पुरता कमी करायला सांगितलं, भरपाई केंद्र देईल म्हणून. क्वेबेकचे अर्थमंत्री झाक पारिझो यांनी सरसकट कपात केलीच नाही. कपडे, बूट, फर्निचर यांवरचा कर साफ काढून टाकला, कारण हे धंदे क्वेबेकमधले. ओटावाने, म्हणजे केंद्राने, भरपाई नाकारली आणि शेवटी क्वेबेकच्या करदात्यांना थेट ८५ डॉलरचे धनादेश पाठवले. मतदाराने दोन्ही सरकारांकडून फायदा घेतला. पारिझो यांनी विधानसभेत यावरून केंद्राला धारेवर धरलं, पण माझ्या मते यातून मतदाराच्या मनात ठसलं ते वेगळंच : आपलं सरकार ओटावाशी भांडून काही ना काही मिळवतं.

इथे माझा मुद्दा उघड होतो. ज्या घराला १९७६ मध्ये वाटत होतं की आपल्या हातात काही नाही, त्या घराची मुलगी १९७९ पर्यंत फ्रेंचमध्ये कामाला लागली होती, अपघाताची भरपाई मिळत होती, संप फुटत नव्हता. हे सगळं कॅनडात राहून झालं. वेगळं होण्याचं सर्वांत मोठं कारण त्या घरातून हळूहळू निघून जात होतं, आणि ते काढणारे वेगळं व्हायला निघालेलेच लोक होते.

प्रश्न

सार्वमताचे नियम आधी ठरवायचे आणि प्रश्न मागून, हा शहाणपणा विधानसभेने दाखवला. १९७८ च्या कायद्याने 'हो' आणि 'नाही' अशा दोनच छत्र्या ठेवल्या. प्रचाराला लागणारा प्रत्येक डॉलर यांतल्या एका समितीतून जायचा, दोन्हींना खर्चाची मर्यादा सारखी. केंद्र सरकारने स्वतःच्या जाहिरातींवर केलेला खर्च या मर्यादेत धरला गेला नाही, त्यावरून पुढे बरीच ओरड झाली आणि ती रास्त होती. पण प्रांताच्या आत दोन्ही बाजू नियमाने लढल्या.

नोव्हेंबर १९७९ मध्ये सरकारने आपली योजना छापली आणि २० डिसेंबरला लेव्हेक यांनी सभागृहात प्रश्न वाचला. मूळ फ्रेंचमध्ये तो शंभरावर शब्दांचा आहे. आशय असा : सरकारने कॅनडाशी समान राष्ट्रं म्हणून नवा करार करण्याचा प्रस्ताव मांडला आहे, त्याने क्वेबेकला कायदे करणं, कर लावणं आणि परराष्ट्र संबंध यांचा पूर्ण हक्क मिळेल, म्हणजे सार्वभौमत्व, आणि त्याच वेळी समान चलनासह आर्थिक भागीदारी राहील, राजकीय दर्जात कुठलाही बदल दुसऱ्या सार्वमताशिवाय होणार नाही, या अटींवर तुम्ही सरकारला वाटाघाटीचा अधिकार देता का?

नीट वाचलं तर हा प्रश्न वेगळं होण्याचा नाहीच. वेगळं होण्याबद्दल बोलू का, आणि बोलून झाल्यावर पुन्हा तुम्हालाच विचारू, असा तो आहे. मोराँ यांची पायरी-पायरी इथे इतकी बारीक झाली की चढतो आहोत हेच कळेना. भिणाऱ्याला धीर देण्यासाठी केलेली ही रचना त्याच्या मनात उलट संशय पेरून गेली : इतकं गुंडाळून विचारतात, म्हणजे आत काहीतरी असणार.

मार्च १९८० मध्ये त्या निळ्या दालनात ३५ तासांची चर्चा झाली. सत्ताधारी बाकांवरून एकेका आमदाराने एकेक विषय घेतला होता. शेती, तेल, पेन्शन, संस्कृती. तालीम केलेलं नाटक असावं तसं ते बसलं. विरोधी पक्षनेते क्लोद रायन हे 'ल दव्हार' या दैनिकाचे जुने संपादक, विद्वान, काटेकोर. त्यांचा पक्ष प्रश्नाच्या शब्दांची चिरफाड करत बसला. अग्रलेखाला ते शोभलं असतं, टीव्हीवर ते कंटाळवाणं झालं. चर्चा संपली तेव्हा पाहण्यांत 'हो' बाजू वर होती. २० मार्चला प्रश्न ६८ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झाला. युनियन नॅशनलचं नेतेपद नुकतंच सोडलेले रोद्रिग बिराँ सरकारच्या बाजूला गेले होते.

पण त्याच दिवसांत एक शब्द निसटला होता. शाळेच्या जुन्या क्रमिक पुस्तकात इव्हेत नावाची गुणी मुलगी असे, घरकाम करणारी, भावासाठी ताट वाढणारी. ९ मार्चच्या सभेत पायेत म्हणाल्या, रायन यांना अशा इव्हेत हव्यात, आणि त्यांची बायकोही इव्हेतच. मॅडेलेन रायन या शिक्षण क्षेत्रात काम केलेल्या कर्तबगार बाई. घर सांभाळलेल्या हजारो बायकांना ते वाक्य लागलं. ३० मार्चला क्वेबेक शहरातल्या शातो फ्रॉन्तनाक हॉटेलात 'इव्हेतां'चा मेळावा झाला आणि ७ एप्रिलला मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये १४,००० च्या वर बायका जमल्या. ज्या मंत्रिणीने बायकांसाठी सर्वांत जास्त काम केलं, तिच्याच एका वाक्याने 'नाही'च्या बाजूला रस्त्यावरची ताकद मिळाली. पायेत यांनी माफी मागितली. उपयोग झाला नाही.

शिवाय ओटावात पंतप्रधान म्हणून पिएर ट्रुडो परत आले होते. १९७९ मध्ये हरलेले ट्रुडो फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत जिंकले, क्वेबेकमधल्या ७५ पैकी ७४ जागा घेऊन. ज्या मतदारांनी प्रांतात लेव्हेक निवडले, त्यांतल्याच पुष्कळांनी केंद्रात ट्रुडो निवडले. बाहेरून पाहताना हे गोंधळाचं वाटतं. मला ते फार विचारपूर्वक वाटतं. १४ मे रोजी, लेव्हेक यांच्या विजयाच्याच क्रीडागृहात, ट्रुडो यांनी भाषण केलं. त्यांच्या 'एलियट' या मधल्या इंग्रजी नावावरून लेव्हेक यांनी टोमणा मारला होता, तो त्यांनी उचलला आणि आपल्या आईचं घराणं सांगितलं. 'नाही' म्हणालात तर संविधान बदलू, असं वचनही दिलं.

कौल

२० मे १९८०. मतदान ८५.६ टक्के. 'नाही' ५९.५६, 'हो' ४०.४४. फ्रेंच भाषकांतही साधारण निम्मेच 'हो'च्या बाजूला गेले, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो.

आता १९७६ चा तो आकडा काढा : ४१.४. साडेतीन वर्षं, इतके कायदे, ३५ तास टीव्ही, आणि काटा जवळजवळ तिथेच. दोन्ही वेळी मतदान पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. मतं देणारी माणसं हुबेहूब तीच होती असं मला म्हणायचं नाही. काही आली, काही गेली. पण सरकारचं काम पाहून सार्वभौमत्वाकडे लोक वळतील, हा पायरी-पायरीचा मूळ हिशेब चुकला एवढं नक्की. इव्हेत आणि ट्रुडो यांनी फरक पाडला असेल. त्यांच्याशिवायही एकोणीस टक्क्यांची दरी भरली असती, हे मला पटत नाही.

रात्री पॉल सोव्हेमध्ये व्यासपीठावर लेव्हेक आले तेव्हा बाजूला दोनच जणी होत्या, पत्नी कोरीन आणि काळ्या कपड्यांतल्या पायेत. गर्दी गात होती, रडत होती, त्यांना बोलू देत नव्हती. अखेर ते म्हणाले, मला तुमचं बरोबर कळलं असेल तर तुम्ही सांगताय : पुढच्या वेळी. मग निकाल मान्य करा असं सांगितलं. खिडक्या फुटल्या नाहीत, गाड्या जळाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मुख्यमंत्री म्हणून कामावर होते.

विधानसभा आणखी दहा महिने चालली. ऑक्टोबरमध्ये ट्रुडो यांनी प्रांतांना न विचारता लंडनहून संविधान (ते बदलण्याचा अधिकार तोवर ब्रिटिश संसदेकडे होता) आणण्याचा घाट घातला आणि हरलेलं सरकार पुन्हा प्रांताचा पहारेकरी झालं. या काळात पक्षाला एकही पोटनिवडणूक जिंकता आली नव्हती, त्यामुळे पुढची निवडणूक लिबरलांचीच असं बहुतेक पंडित धरून चालले होते. १२ मार्च १९८१ ला विधानसभा बरखास्त झाली. प्रचारात पार्ती केबेक्वाने आपल्या कारभाराकडे बोट दाखवलं आणि लेखी वचन दिल्यासारखं सांगितलं, की पुढच्या मुदतीत सार्वमत घेणार नाही.

१३ एप्रिलला मतं मोजली गेली : पार्ती केबेक्वा ४९.३ टक्के, १२२ पैकी ८० जागा. रायन यांचे लिबरल ४२. युनियन नॅशनल शून्य. ज्या पक्षाच्या स्वप्नाला अकरा महिन्यांपूर्वी चाळीस टक्के मिळाले होते, त्याच्या सरकारला जवळजवळ निम्म्या लोकांनी परत बोलावलं. पायेत त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. मेर्सियेमधून कवी गोदाँ पुन्हा निवडून आले आणि निळ्या दालनात जाऊन बसले.